सुई निघून जाते, दांडी राहते

मेक्सिकोत उसुमासिंता नदीच्या काठी याश्चिलान नावाचं माया लोकांचं नगर होतं. तिथल्या एका दारावरची चुनखडीची कोरीव शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सन ७०९ मधला एक विधी तिच्यावर कोरलेला आहे. राजा पेटती मशाल धरून उभा आहे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेली राणी टोचलेल्या जिभेतून काटे गुंफलेला दोर ओढते आहे. खाली टोपलीत रक्ताचे ठिपके पडलेले कागद आहेत. तमिळ भाविकही थैपुसम सणाच्या दिवशी मुरुगन देवाचा वेल, म्हणजे छोटा भाला, जिभेतून आरपार घालतात. मलेशियातल्या बाटू गुंफांकडे जाणाऱ्या मिरवणुकीत हे दरवर्षी दिसतं.

या दोन्ही ठिकाणी विधी आटोपला की जिभेतली वस्तू बाहेर निघते आणि जखम भरून यायला मोकळी होते. आज टॅटू स्टुडिओत मुलंमुली करून घेतात ते टंग पिअर्सिंग नेमकं इथे वेगळं पडतं. त्यात धातू तोंडातच मुक्कामाला येतो. जेवताना, बोलताना, झोपेतही तो तिथेच असतो, वर्षानुवर्षं. टोचून घ्यायला निघालेल्यांचं सारं लक्ष सुईच्या कळेकडे असतं, पण ती कळ क्षणभराची. खरा विचार करायचा तो पुढच्या काळाचा.

आरशासमोर जीभ उचलून टाळूला लावून बघा. मधोमध जिभेला खाली बांधून ठेवणारी पातळ पट्टी दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना निळसर शिरा. आणखी खोलवर जिभेची धमनी आणि नसा आहेत. अगदी मध्यरेषेवर मात्र एक तंतुमय पडदा असतो आणि तिथे मोठ्या रक्तवाहिन्या सहसा नसतात. म्हणून जाणकार पिअर्सर आधी उजेडात खालच्या शिरा पाहतो, मग मध्यरेषेवर, त्या पट्टीच्या पुढे खूण करतो. सुई पोकळ आणि एकदाच वापरायची. तिचं पाकीट आपल्यासमोर फोडायला हवं. बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक होऊन निघालेली हवीत, कारण हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. हेपटायटिस बीची लस तरी आधी घेतलेली असावी. कान टोचायची बंदूक कोणी जिभेला लावू पाहत असेल, तर तिथून उठून यावं. जिभेच्या कडेला किंवा टोकाला आडवं टोचून देण्याची तयारी दाखवणाऱ्याकडूनही.

सुईमागोमाग जिभेत दांडी जाते. दोन्ही टोकांना गोळ्या असलेल्या या दांडीला बारबेल म्हणतात. ती टायटॅनियमची असलेली बरी. हलक्या प्रतीच्या धातूत बऱ्याचदा निकेल असतं आणि निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, कारण जीभ सुजणार हे ठरलेलं असतं. पहिले तीन ते पाच दिवस सूज सर्वाधिक असते. दांडी आखूड असली तर गोळी सुजलेल्या मांसात रुतून बसते.

सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, पुन्हा जाऊन आखूड दांडी बसवून घ्यायची असते. या फेरीचा कंटाळा करणं मला या सगळ्यात सर्वांत महागात पडणारं वाटतं. लांब दांडी तोंडात राहिली की जिभेला चाळा लागतो. गोळी दातांवर घासायची, दाढांमध्ये धरायची, पुढच्या दातांमागे ढकलायची. २००२ साली ‘जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी’त जीभ टोचलेल्या ५२ तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. लांब दांडी दोन किंवा अधिक वर्षं वापरणाऱ्यांपैकी निम्म्या जणांच्या खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकली होती. दांडी चार किंवा अधिक वर्षं वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्के जणांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडाले होते. हे सगळं जखम छान भरून आल्यानंतरचं, दुखत-खुपत नसतानाचं.

जखम मात्र लवकर भरते. तोंडात सातशेहून अधिक जातींचे जीवाणू नोंदले गेले आहेत, तरीही जिभेला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की बहुतेकांची जखम चार ते आठ आठवड्यांत बरी होते. कानाच्या वरच्या कूर्चेला यासाठी कित्येक महिने लागतात. या काळात पेज, मऊ भात, गार ताक, दही असं खावं; ठेचा आणि गरमागरम रस्सा थोडे दिवस विसरावा. कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून जेवणानंतर चूळ भरावी. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. सिगारेट, गुटखा, मिश्री तर मुळीच नको. दांडी फिरवत बसू नये. पहिल्या दिवसांत पांढरट-पिवळसर पातळ स्राव येतो, त्याला घाबरण्याचं कारण नाही. घट्ट, दुर्गंधी पू, ताप, वाढतच जाणारी वेदना ही लक्षणं मात्र वेगळी.

जबड्याखाली कडक सूज आली, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडायला लागला, तर रात्र असो की सण, थेट रुग्णालय गाठायचं. तोंडाच्या तळाशी पसरणाऱ्या या संसर्गाला लुडविग्ज अँजायना म्हणतात आणि त्यात श्वासमार्ग बंद होऊ शकतो. जीभ टोचल्यानंतर तो झाल्याची नोंद १९९७ मध्ये ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’ने छापली. २००३ मध्ये लहान मेंदूत गळू झाल्याचीही नोंद झाली. असे प्रसंग दुर्मीळ आहेत. पण लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना जिभेतून रक्तात गेलेला जंतू झडपेवर बसण्याचा धोका असतो. त्यांनी, मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आईवडिलांना एक कळकळीची विनंती. घरी कळलं तर ओरडा बसेल या भीतीने मुलं तोंड मिटून बसतात, आणि धोक्याची लक्षणं दिसण्याचे दिवस नेमके तेच असतात. रागवायचं ते नंतर. आधी जीभ बाहेर काढायला सांगून नीट बघा. जिभेला संसर्ग झालेला दिसला तर दांडी घरच्या घरी उपसू नका. भोक वरून मिटून पू आत अडकू शकतो. ती काढायची की ठेवायची हे डॉक्टरांना ठरवू द्या.

ज्यांच्या जिभेत दांडी आहे त्यांनी शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आणि एमआरआयच्या आधी तंत्रज्ञाला ते सांगायलाच हवं. आपल्याकडे टोचल्यापासून एक वर्ष रक्तदानही करता येत नाही. दांडी कायमची काढून टाकली तर भोक लवकर आकसतं, पण सरकलेली हिरडी आपण होऊन परत वर येत नाही. तिथे टाळूतली ऊती घेऊन कलम करावं लागू शकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे गेलात की खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जी आपल्याला आरशात दिसत नाही, ती मुद्दाम तपासायला सांगा.