पोकळ ब्लॉकची भिंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याजवळच्या दिघीत परांडेनगरपासून मॅगझीन चौकापर्यंत कोणत्याही गल्लीत शिरा, कुठेतरी बांधकाम चालू असतेच. अर्ध्या-एक गुंठ्याच्या प्लॉटवर आज दोन खोल्या, काही वर्षांनी वरचा मजला, अशीच इथली अनेक घरे वाढली. वीट घ्यायची की सिमेंटचा पोकळ ब्लॉक, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि उत्तर बहुधा ऐकीव असते. कर्ज काढून उभ्या राहणाऱ्या घराला ऐकीव माहिती महागात पडते.

गैरसमज 1: आतून पोकळ, म्हणजे भिंत कमजोर.
वस्तुस्थिती: भार पेलतात ते ब्लॉकचे उभे पडदे. पोकळ आणि भरीव ब्लॉकसाठी आयएस 2185 (भाग 1) हे भारतीय मानक आहे. त्यानुसार ‘ए’ दर्जाच्या पोकळ ब्लॉकची सरासरी ताकद किमान 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. पक्क्या विटांच्या मानकातला सर्वांत खालचा वर्गही 3.5 चाच आहे. भिंत कमजोर होते ती कच्च्या ब्लॉकमुळे.

गैरसमज 2: दिसायला सारखे, मग स्वस्त तो घ्यावा.
वस्तुस्थिती: साधा वजनकाटा बरेच सांगून जातो. ‘ए’ दर्जाची घनता घनमीटरला किमान 1500 किलो हवी. म्हणजे 390 × 190 × 190 मिमीचा आठ इंची कोरडा ब्लॉक साधारण 21 किलोंच्या खाली नको. ‘बी’ दर्जा हलका असतो, पण त्यालाही 1100 ची मर्यादा आहे. आठ इंची ब्लॉक साडेपंधरा किलोही भरत नसेल तर तो परत पाठवा. वजन पुरेसे भरले म्हणजे ताकद सिद्ध झाली असे मात्र नाही; त्यासाठी प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागा. पाणी शोषण वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे.

गैरसमज 3: साच्यातून निघाला, वाळला, की लावायला तयार.
वस्तुस्थिती: निदान 14 दिवस पाणी आणि त्यानंतर सुमारे 4 आठवडे सुकवण, एवढा वेळ ब्लॉकला द्यावा लागतो. सुकताना सिमेंटचा ब्लॉक आकसतो. हे आकसणे भिंतीत झाले की गिलाव्यावर भेगा उमटतात. म्हणून ब्लॉक कोणत्या तारखेला पाडला, हे विचारलेच पाहिजे.

गैरसमज 4: विटेसारखा ब्लॉकही भिजवून लावावा.
वस्तुस्थिती: वीट मालातले पाणी ओढते, म्हणून ती भिजवतात. ब्लॉक भिजवला तर फुगतो आणि भिंतीत बसल्यावर आकसतो. कडक उन्हात मालाला टेकणारी बाजू किंचित ओलसर केली की पुरे. पावसाळ्यात थप्पी जमिनीपासून उचलून रचा आणि ताडपत्रीने झाका.

गैरसमज 5: मालात सिमेंट जास्त, तितकी भिंत पक्की.
वस्तुस्थिती: ब्लॉकपेक्षा कडक माल आकसला की भेग ब्लॉकमधून आरपार जाते. नेहमीच्या भिंतीला एकास सहाचा माल आणि 10 मिमीचा सांधा योग्य. ब्लॉकची जाड कड वर ठेवावी, म्हणजे माल पसरायला जागा मिळते.

गैरसमज 6: सिमेंटचा आहे, बाहेरून गिलावा नसला तरी चालेल.
वस्तुस्थिती: पावसाचे पाणी सांध्यांतून आणि ब्लॉकच्या छिद्रांतून आत येते. बाहेरचा गिलावा आणि जोत्यावर ओलरोधक थर, दोन्ही हवेत.

गैरसमज 7: सिपोरेक्स काय, पोकळ ब्लॉक काय, दोन्ही एकच, घर थंडच राहते.
वस्तुस्थिती: सिपोरेक्सच्या ब्लॉकमध्ये सर्वत्र बारीक हवेचे बुडबुडे असतात, तो वजनाला खूप हलका असतो आणि उष्णता चांगली अडवतो. हे स्वीडनचे तंत्र बी. जी. शिर्के यांनी पुण्यात आणले. पोकळ ब्लॉकमध्ये मात्र काँक्रीटचे आडपडदे बाहेरची उष्णता आत नेतात, त्यामुळे फरक नऊ इंची विटेच्या भिंतीच्या तुलनेत फारसा पडत नाही.

गैरसमज 8: पोकळी म्हणजे फक्त मालाची बचत.
वस्तुस्थिती: आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत पुणे परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या कडांना याच पोकळीत सळई उभी करून काँक्रीट भरता येते. जोत्यावर, लिंटेलला आणि स्लॅबखाली आडवे पट्टे घेतले की भिंती एकमेकींना बांधल्या जातात. गीझर, ग्रिल, जड कपाट जिथे येणार तिथली पोकळीही बांधतानाच भरून घ्या, कारण नुसता बाहेरचा पडदा इंच-सव्वा इंचाचाच असतो.

शंभर चौरस फूट भिंतीला आठ इंच उंचीचे सुमारे 116 ब्लॉक लागतात. तेव्हा दुकानात नगाचा भाव विचारण्याआधी दर्जा, कोरडे वजन, पाडल्याची तारीख आणि चाचणी अहवाल मागा. पुढे मजला चढवायचा असेल, तर ब्लॉक आणि पाया दोन्ही आजच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भिंत उभी राहिल्यावर हा निर्णय बदलता येत नाही.