एक चाक गरगर, दुसरे गप्प!

बालमित्रांनो, आषाढातली झड लागून गेल्यावर घाटंजी किंवा आर्णीकडच्या एखाद्या पांदणीत जीप फसलेली तुम्ही पाहिलीच असेल. ड्रायव्हर इंजिनाचा जोर वाढवतो, चिखल उडतो, गाडी मात्र हलत नाही. पुढच्या वेळी मागची चाके नीट पाहा. चिखलातले चाक गरगर फिरत असते आणि दुसरे, पक्क्या जमिनीवरचे, अगदी स्तब्ध! खरे काम ज्याने करायचे तेच गप्प का?

याचे उत्तर मागच्या आसाच्या मध्यावरील फुगीर पेटीत आहे. तिला डिफरन्शियल म्हणतात. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडते. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली असती, तर दर वळणावर एक फरफटले असते. म्हणून पेटीतली दातेरी चाके दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात, पण जोर सारखाच वाटतात. बंडीचे जू आठवा. एका बैलाचा पाय घसरला, तर दुसऱ्याने कितीही ओढले तरी जू तिरपे होते, बंडी जागीच! निसरड्या चाकाला फिरायला थोडाच जोर पुरतो. मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. फिरणाऱ्या चाकाखाली पऱ्हाट्या घालतात त्या याचसाठी. त्याला पकड मिळाली की दोघांचाही जोर वाढतो.

आपली काळी माती तर भारीच खट्याळ. तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि निसरडे होते. अशा मुलखात बोलेरो इतकी आवडती का? महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. बोलेरो आली २००० मध्ये, पण वळण जीपचेच. तिचे पोट जमिनीपासून सुमारे १८० मिलिमीटर उंच, म्हणून चाकोरीमधला उंचवटा सहसा घासत नाही. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा. खड्ड्यांतले हिसके तो सोसतो. पुष्कळांना वाटते की तिची चारही चाके ओढतात. तसे नाही. नेहमीच्या बोलेरोत जोर मागच्याच चाकांना जातो. म्हणून गाडी फसली की पोरे मागे लटकतात. त्यांच्या वजनाने पकड वाढते. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या एका प्रकारात तर एक चाक फार घसरू लागले की दोन्ही चाके आपोआप एकत्र जखडणारी सोय आहे.

मात्र उंचीची किंमत असते. गाडी उंच, तसा तिचा गुरुत्वमध्यही वर. शिवाय वेग दुप्पट केला की त्याच वळणावर गाडीला उलथू पाहणारा जोर चौपट होतो! टपावर माणसे किंवा गाठोडी चढवली, तर गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो.

घरी करून पाहा. फळीवर काड्यापेटीएवढे दोन लाकडी ठोकळे ठेवा, एक आडवा, एक उभा. ते घसरू नयेत म्हणून प्रत्येकाच्या खालच्या कडेला एक टाचणी टोचा. फळीचे दुसरे टोक हळूहळू उचला. आधी कोणता पडतो? आता उभ्या ठोकळ्याच्या माथ्यावर मेणाने एक जड नाणे चिकटवा आणि पुन्हा उचला. या वेळी फळी किती कमी उचलावी लागली, ते पट्टीने मोजा.