ई-पत्राचा प्रवास

पेडण्याच्या शिक्षकाने डिचोलीतील कार्यालयास ई-पत्राने अर्ज धाडला, तर तो थेट तेथील संगणकावर जात नाही. पत्र लिहिण्या-वाचण्याचे साधन म्हणजे ‘क्लायंट’. पत्रे स्वीकारून साठविणारा, अहोरात्र चालू असलेला संगणक म्हणजे ‘सर्व्हर’. पिनकोड ४०३५०४ पाहून टपाल डिचोलीस जाते, त्याप्रमाणे शिक्षकाचा सर्व्हर पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हापुढील नाव पाहून कार्यालयाचा सर्व्हर शोधतो. या पाठवणीचे नियम ‘एसएमटीपी’ या नावाने १९८२ साली प्रसिद्ध झाले.

पत्र मिळविण्याच्या प्रमुख पद्धती दोन. ‘पॉप’ पद्धतीत ते वाचकाच्या संगणकावर उतरते आणि प्रत राखण्याची सोय केली नसल्यास सर्व्हरवरून पुसले जाते. पुढे तो संगणक बिघडला तर अर्जही गमावतो. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रचलेल्या ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. म्हणून अनेक कर्मचारी एकच टपालपेटी पाहत असतील, तेथे हीच पद्धत श्रेयस्कर होय.

‘पाठविले’ म्हणजे ‘पोचले’ नव्हे. पत्ता चुकल्यास सर्व्हर बहुधा तशी सूचना परत धाडतो. ती अवश्य वाचावी. मुदतीच्या अर्जाची पोच मात्र कार्यालयाकडूनच मागून घ्यावी.