यंत्राच्या पोटाशी ठेवलेली मोकळी जागा

बीबीसी मायक्रो हा जुना ब्रिटिश संगणक उलटा केला की त्याच्या पोटाशी कनेक्टरांची एक रांग दिसते. प्रिंटरचा एक, फ्लॉपी ड्राइव्हचा एक, छोटी उपकरणं आणि मोटारी चालवण्यासाठी ‘यूजर पोर्ट’, इतर जोडण्यांसाठी ‘एक मेगाहर्ट्झ बस’ आणि चाळीस पिनांचा ‘ट्यूब’. पहिले दोन-तीन सगळ्यांच्या वापरातले. ट्यूब मात्र बहुतेक घरांत आणि शाळांत कायम रिकामाच राहिला. आज या यंत्राला चाळीस वर्षं उलटून गेली आहेत, आणि जगभरातले हौशी लोक आता याच कनेक्टरला हात लावतात. दोन मेगाहर्ट्झच्या या संगणकाला तिथून शेकडो पट वेगवान प्रोसेसर जोडता येतो, तोही मूळ बोर्डावरचा एक सांधाही न उकलता.

हे शक्य झालं त्यामागे १९८१ सालचा एक मतभेद आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत ‘अ‍ॅटम’ या आधीच्या संगणकानंतर कोणतं यंत्र काढायचं यावर वाद चालू होता. काहींना सोळा बिटांचा नवा, ताकदवान प्रोसेसर हवा होता, तर काहींना हाताशी असलेल्या स्वस्त ६५०२ चिपवरच सुधारित संगणक करायचा होता. तोडगा असा निघाला, की ६५०२ वर चालणारं यंत्र करायचं, पण त्यात दुसऱ्या प्रोसेसरसाठी जागा राखून ठेवायची. या आराखड्याचं नाव ‘प्रोटॉन’. त्याच सुमारास बीबीसी आपल्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी यंत्राच्या शोधात होती. एकॉर्नचे हर्मन हाऊजर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांना कामाला जुंपलं, आणि आठवडा संपायच्या आत बीबीसीच्या मंडळींसमोर चालता नमुना उभा राहिला. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आलं. ‘बी’ मॉडेलमध्ये ३२ किलोबाईट रॅम होती आणि तितकीच रॉम. रॉममध्ये सोफी विल्सन यांनी लिहिलेली बीबीसी बेसिक ही भाषा होती. पुढे अशी दहा लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

त्या ३२ किलोबाईटची व्यथा ज्यांनी या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिले त्यांनाच कळेल. ‘मोड शून्य’ म्हणजे सर्वांत बारीक चित्र दाखवणारा पडदा घेतला, की २० किलोबाईट पडद्यातच गेले. त्यावर फ्लॉपी ड्राइव्हची व्यवस्था आपला वाटा घेई. मग बेसिकच्या प्रोग्रॅमसाठी उरत सहा किलोबाईटही नाहीत. चित्र हवं तर प्रोग्रॅम आखूड ठेवायचा, प्रोग्रॅम लांब हवा तर चित्र भरड करून घ्यायचं. लोक जागा वाचवण्यासाठी टिपा खोडत, ओळी एकमेकींत कोंबत, व्हेरिएबलांची नावं एका अक्षरावर आणत.

ट्यूबला दुसरा प्रोसेसर जोडला की हा प्रश्नच मिटत असे. एकॉर्नने विकलेल्या ६५०२ सेकंड प्रोसेसरच्या पेटीत तीन मेगाहर्ट्झची चिप आणि तिची स्वतःची ६४ किलोबाईट रॅम होती. यंत्र सुरू केलं की पडद्यावर नेहमीच्या ‘बीबीसी कॉम्प्युटर’ऐवजी ‘एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के’ अशी ओळ उमटे. त्या क्षणी मूळ यंत्र आपल्या रॉममधली बेसिक भाषा उचलून ट्यूबमधून पलीकडच्या रॅममध्ये उतरवून देई, आणि तिथून पुढे प्रोग्रॅम चालायचा तो पलीकडेच. कीबोर्ड, पडदा, आवाज, फ्लॉपी ही कामं मात्र जुन्या ६५०२ कडेच राहत. त्याची पूर्ण ३२ किलोबाईट रॅम या कामांसाठी मोकळी होई. बेसिकच्या खास आवृत्तीत प्रोग्रॅमला ४४ किलोबाईट मिळत, पडदा कोणताही असो.

दोघांमधला व्यवहार कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. मधे ट्यूबची एक चिप असते. तिचं काम तिकीट खिडकीसारखं: दोन्ही बाजूंनी कागद सरकवता येतो, पण इकडच्याला तिकडे शिरता येत नाही. तिच्यात चार रजिस्टरं असतात आणि प्रत्येकाला जाण्याची नि येण्याची अशी दोन्ही दिशांची वाट असते. मूळ यंत्राला ही सगळी व्यवस्था फक्त आठ पत्त्यांमध्ये दिसते. पडद्यावर छापायची अक्षरं पहिल्या रजिस्टरमधून जातात. तिथे चोवीस बाइटांची रांग मावते, म्हणजे पाहुण्या प्रोसेसरला एकेक अक्षर उमटेपर्यंत ताटकळावं लागत नाही. ‘फाइल उघड’, ‘वेळ सांग’ असल्या विनंत्या दुसऱ्यातून जातात, माहितीचे मोठे गठ्ठे तिसऱ्यातून, आणि त्या गठ्ठ्यांच्या हलवाहलवीच्या सूचना चौथ्यातून.

या रचनेचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो असा, की पलीकडे कोण बसलं आहे याची मूळ यंत्राला चौकशीच करावी लागत नाही. आठ पत्त्यांवरची शिस्त पाळणारा कुठलाही प्रोसेसर चालतो. एकॉर्नने स्वतःच त्याचा पुरेपूर फायदा घेतला. झेड ८० ची पेटी जोडली की सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमवरची कार्यालयीन सॉफ्टवेअर चालत. नॅशनल सेमीकंडक्टरच्या ३२०१६ या बत्तीस बिटांच्या चिपचीही पेटी निघाली. १९८६ च्या ‘मास्टर ५१२’ मध्ये तर इंटेलची ८०१८६ होती. ‘एलिट’ या गाजलेल्या अंतराळ खेळाची दुसऱ्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तीत यानांच्या कोनांचं गणित पलीकडे होई आणि रेघा मारण्याचं काम अलीकडे. त्यामुळे खेळ जास्त रंगीत आणि जास्त वेगवान झाला.

पण या कनेक्टरमधून जगाला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. पुढच्या पिढीच्या संगणकासाठी एकॉर्नने बाजारातले प्रोसेसर तपासले आणि एकही पसंत पडला नाही. तेव्हा १९८३ मध्ये विल्सन आणि फर्बर यांनी स्वतःचाच प्रोसेसर रचायला घेतला. विल्सन यांनी त्याच्या आज्ञासंचाची नक्कल बीबीसी बेसिकमध्ये लिहून याच यंत्रावर, दुसऱ्या प्रोसेसरच्या मदतीने, पारखून पाहिली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली. ती बसवली कुठे? बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला जोडलेल्या बोर्डावर. फर्बर यांनी ती किती वीज घेते हे मोजलं तर मीटरवर शून्य दिसलं. बोर्डावरची तिची वीजवाहिनी जोडलेलीच नव्हती, आणि इतर पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर चिप काम करत होती! ही चिप म्हणजे पहिली एआरएम. आज आपल्या खिशातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये तिचे वंशज आहेत.

आता हौशी मंडळींकडे वळू. जुनी सेकंड प्रोसेसरची पेटी दुर्मीळ झाली आहे, आणि मिळाली तरी तिचा वीजपुरवठा मूळ संगणकाइतकाच थकलेला असतो. म्हणून काहींनी एफपीजीए चिपवर जुने प्रोसेसर नव्याने उभे केले. २०१६ च्या सुमारास त्याहून सोपा मार्ग निघाला: रास्पबेरी पाय. पाय झीरो हा च्युइंगगमच्या पाकिटाएवढा बोर्ड २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पाच डॉलरला आला. त्यावर एक गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर असतो. रास्पबेरी पायही केंब्रिजचाच, आणि त्याच्या पहिल्या आवृत्त्यांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच दिली गेली. ज्या कनेक्टरवर एआरएमची पहिली चिप चालली, त्याच कनेक्टरवर आता एआरएमचाच बोर्ड बसतो.

जोडणी पाहायला साधी आहे. चाळीस पिनांची आखूड रिबन केबल, एक छोटा लेव्हल शिफ्टर बोर्ड आणि पाय. बीबीसी मायक्रो पाच व्होल्टवर बोलतो आणि पाय सव्वातीनच्या आसपास, म्हणून मधला बोर्ड हवाच. तो वगळला तर पायच्या पिना जळतात. केबलही लांब चालत नाही, कारण लांबीबरोबर सिग्नल बिघडतो. पायला वीज ट्यूबमधूनच मिळते, वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही.

खरी कसोटी सॉफ्टवेअरची असते. मूळ यंत्राची बस दोन मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक फेरा ५०० नॅनोसेकंदांचा. त्याच्या उत्तरार्धात, साधारण २५० नॅनोसेकंदांत, ‘या पत्त्यावर काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर तारांवर हजर लागतं. उशीर झाला तर मूळ यंत्र कचरा वाचून पुढे निघून जातं. एक गिगाहर्ट्झच्या चिपला हे चुटकीसरशी जमेल असं वाटतं, पण तसं नाही. पायच्या पिनांपर्यंत पोचायला त्याच्या मुख्य प्रोसेसरला वळसे घ्यावे लागतात, आणि त्यात वेळ जातो. यावर करणाऱ्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. पायवर चित्रं काढण्यासाठी एक स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर असतो. इथे चित्रांचं काम नसल्याने तो रिकामाच होता, तेव्हा त्यालाच ट्यूबच्या पहाऱ्यावर बसवलं. तो फक्त तारांकडे डोळे लावून बसतो आणि वेळेत उत्तर देतो. एआरएम मात्र निवांतपणे ६५०२ ची भूमिका वठवतो.

ती भूमिका इतकी वेगवान असते, की नकली ६५०२ चा वेग २०० मेगाहर्ट्झच्या पुढे जातो. बेसिकमध्ये निव्वळ गणिताचा तासाभराचा प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो. हवा तो प्रोसेसर निवडण्याची सोयही आहे. बीबीसीच्या कीबोर्डवरून ‘स्टार-एफएक्स १५१, २३०’ ही आज्ञा आणि पुढे एक क्रमांक द्यायचा, कंट्रोल आणि ब्रेक दाबायचं, की पलीकडे झेड ८० बसतो. दुसरा क्रमांक दिला की ३२०१६, तिसरा दिला की पीडीपी-११. एका क्रमांकावर तर सगळी सोंगं बाजूला ठेवून पायचा एआरएम स्वतःच, पूर्ण वेगाने, कामाला लागतो. १९८० च्या दशकात ३२०१६ ची पेटी घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. तिच्यावरची सॉफ्टवेअर आज कुणालाही चालवून पाहता येतात.

वेग वाढवण्याचे प्रयत्न इतर जुन्या संगणकांवरही होतात. कमोडोर ६४ साठी २० मेगाहर्ट्झचा सुपरसीपीयू निघाला होता. अमिगाच्या ६८००० चिपच्या सॉकेटमध्ये आज पायचा बोर्ड बसवतात. तेही कसबाचं काम आहे. पण तिथे मूळ प्रोसेसरला बाजूला सारून नवा त्याची जागा घेतो. बीबीसी मायक्रोमधला ६५०२ जागचा हलत नाही, त्याची कामंही कमी होत नाहीत. जुन्या यंत्राचा मान राखून केलेली सुधारणा मला इथे दिसते, आणि म्हणून ही वाट मला इतर सगळ्यांपेक्षा सरस वाटते.

या वाटेच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. रेघ मारणं, पडदा सरकवणं, फ्लॉपी वाचणं या सगळ्याला दोन मेगाहर्ट्झचाच वेग. पलीकडे कितीही चपळ प्रोसेसर असला तरी रेघांनी भरलेलं चित्र उमटताना तो वाट पाहत बसतो. शिवाय पडद्याच्या मेमरीत थेट आकडे कोंबणारे जुने खेळ ट्यूबवर चालत नाहीत. ते आकडे पाहुण्याच्या रॅममध्ये जाऊन पडतात आणि पडदा कोराच राहतो. ऑपरेटिंग सिस्टिमला रीतसर विनंती करूनच काम करून घ्या, असं एकॉर्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून सांगत होती. ज्यांनी ऐकलं, त्यांच्या प्रोग्रॅममधलं गणित आज एकही अक्षर न बदलता शंभरपट वेगाने धावतं.

या यंत्राशी आपलंही नातं आहे. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, आणि त्यासाठी निवडलं ते बीबीसी मायक्रो. सुरुवात अडीचशे शाळांपासून झाली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने तयार केलं. चपला बाहेर काढून वातानुकूलित खोलीत जायचं आणि एका कीबोर्डभोवती तिघाचौघांनी दाटीवाटीने बसायचं, अशी संगणकाची पहिली ओळख झालेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. मुलांनी भरलेल्या त्या खोल्यांत दुसऱ्या प्रोसेसरची चैन कुठून असणार? पण ट्यूब ही मूळ आराखड्यातलीच जागा, त्यामुळे ती याही यंत्रांच्या पोटाशी होतीच.

कुणा शाळेच्या अडगळीच्या खोलीत असं यंत्र सापडलंच, तर उत्साहाच्या भरात त्याची वायर प्लगमध्ये खुपसू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर आवरणाचे दोन कपॅसिटर असतात. काळाच्या ओघात त्या आवरणाला बारीक तडे जातात, आतल्या कागदात ओल शिरते, आणि वीज दिली की काही मिनिटांत फट् असा आवाज होऊन दाट, उग्र वासाचा धूर निघतो. संगणक सहसा वाचतो, पण धूर खोलीभर पसरतो. म्हणून आधी दुरुस्तीची सवय असलेल्या माणसाकडून ते दोन्ही बदलून घ्यावेत. वीजपुरवठा मुख्य लाइनवर चालत असल्याने हे काम नवशिक्याचं नाही. मग यंत्र सुरू करावं. आधी एक जाड स्वर आणि लगेच एक बारीक ‘बीप’ आला तर बोर्ड जिवंत आहे. एकच स्वर अखंड चालू राहिला तर कुठली तरी चिप बसली आहे, आणि ती शोधावी लागेल.

त्याच कपाटात जुन्या फ्लॉपी किंवा कॅसेट असतील तर त्याही फेकू नयेत. एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी स्वतः लिहिलेले बेसिकचे प्रोग्रॅम त्यांवर असू शकतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसण्याचा संभव मोठा आहे. प्रोसेसर कधीही जोडता येईल, आधी त्या फ्लॉपी उतरवून घ्याव्यात.