एका मुक्या अक्षराची साक्ष

स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात जी स्कॉट्स भाषा शतकानुशतके शेतघरांपासून राजदरबारापर्यंत नांदली, तिच्यात झोपेतून जागे होण्याला ‘वॉकन’ असे म्हणत. इंग्रजीतील ‘वेक’ हे त्याचेच भावंड होय, आणि बल व वेग या अर्थाचा आपला वैदिक ‘वाज’ शब्दही त्याच कुळातला असावा, असे तौलनिक भाषाशास्त्र मानते. परंतु जुनी हस्तलिखिते उघडली, की हे क्रियापद निराळ्याच वेषात भेटते. विल्यम डनबार या कवीने चौथ्या जेम्स राजाच्या विवाहानिमित्त 1503 साली रचलेले ‘द थ्रिसिल अँड द रोइस’ हे काव्य, एडिंबरा येथील जॉर्ज बॅनाटाइन या व्यापाऱ्याने साथीच्या काळात, 1568 साली, उतरवून काढलेल्या बाडात आहे. त्यात ‘जागे व्हा’ अशा अर्थाच्या शब्दात ‘के’च्या आधी एक ‘एल’ बसलेला दिसतो, ज्याचा व्युत्पत्तीत मागमूसही नाही.

याचे कारण असे, की 15व्या शतकाच्या सुमारास स्कॉट्स उच्चारात ‘अ’नंतरचा ‘ल’ स्वरात विरून गेला, ‘बॉल’चा ‘बॉ’ आणि ‘फॉल’चा ‘फॉ’ झाला, पण लेखनात अक्षर मात्र कायम राहिले. तेव्हा या दीर्घ स्वरापुढे मुका ‘एल’ लिहावयाचा, अशी ज्यांच्या हाताला सवय जडली होती त्या लेखनिकांनी, तो जेथे कधीच नव्हता तेथेही त्याची स्थापना केली. फॉलकर्क या गावाच्या नावातील ‘एल’ असाच उपरा आहे. मूळ नावाचा अर्थ ‘ठिपकेदार चर्च’, आणि तेथे ‘फॉ’ म्हणजे चित्रविचित्र रंगाचे. शुद्ध लिहिणारा कारकून आपला उच्चार रूढीआड झाकतो, चुकणारा तो उघड करतो; म्हणून ध्वनींच्या इतिहासात मला अशा प्रमादाएवढा विश्वसनीय दस्तऐवज दुसरा वाटत नाही.

गुंता एवढ्यावर संपत नाही. ओले लोकरी कापड मळून-तुडवून घट्ट करण्याच्या क्रियेलाही स्कॉट्समध्ये ‘वॉक’ असेच म्हणतात, आणि तेथील ‘एल’ मात्र अस्सल, वळणे-लोळणे या अर्थाच्या जुन्या धातूतला आहे. एकाच लेखनाखाली दडलेले हे शब्द केवळ संदर्भावरून वेगळे करावयाचे असल्याने कोशकारांना अवतरणांचे ढीग चाळावे लागले: जॉन जेमिसनचा कोश 1808 साली निघाला, अर्वाचीन स्कॉट्सचा दहा खंडांचा कोश 1976 साली, आणि प्राचीन स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश, 1931 साली प्रकाशन सुरू होऊन, 2002 साली पुरा झाला.

जागे होण्याच्या त्या पहिल्या क्रियापदापासून झालेला ‘वॉकराइफ’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे. आपल्या ‘झोपाळू’च्या नेमका उलट असा त्याचा अर्थ, ग्लासगोच्या विल्यम मिलरने 1841 सालच्या ‘वी विली विंकी’ या बालगीतात, रात्र झाली तरी डोळा न मिटणाऱ्या पोराला तोच शब्द लावला आहे.