मचाण किती उंच असावे?

जोंधळा हुरड्यावर आला की शेताच्या मध्यभागी चार खांबांवर माळा उभा राहतो. त्यावर बसलेला राखणदार दिवसा गोफणीने पाखरे उडवितो आणि रात्री रानडुकरांची चाहूल घेतो. अरण्यात झाडाच्या बेचक्यात बांबू व दोर यांच्या साह्याने बांधलेली अशीच बैठक म्हणजे मचाण. एका काळी मचाण हा शब्द उच्चारताच शिकारी डोळ्यांपुढे येई. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो काळ संपविला. आज चितळ किंवा सांबर मारणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. मचाण मात्र नाहीसे झाले नाही. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील मेळघाट, ताडोबा यांसारख्या अरण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर निसर्गप्रेमी नागरिक वनरक्षकांसमवेत बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार ठरावीक हंगामात, परवाना घेऊन, आजही केली जाते; आणि तेथील पुष्कळसे शिकारी, विशेषतः धनुष्यबाण वापरणारे, झाडाला बांधलेल्या लहानशा बैठकीवरून ती करतात.

हेतू भिन्न असले तरी दोघांपुढे पहिला प्रश्न एकच असतो: बैठक किती उंचीवर बांधावी? ‘जितकी उंच तितकी चांगली’ असे उत्तर सहज सुचते. ते बरोबर का नाही, हे समजण्यासाठी प्रथम हरणाच्या ज्ञानेंद्रियांकडे पाहिले पाहिजे.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळविता त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. पाठीमागचा थोडासा भाग तेवढा सुटतो. त्याची बाहुली आडवी असते आणि दृष्टिपटलावरील सर्वांत संवेदनक्षम भागही आडव्या पट्ट्यासारखा पसरलेला असतो. याचा अर्थ असा की, क्षितिजाच्या आसपासचा पट्टा त्याला सर्वांत नीट दिसतो. हे स्वाभाविकच आहे. वाघ, रानकुत्रा किंवा लांडगा जमिनीवरूनच येतो. उलट, माथ्यावरच्या फांद्यांतील हालचालीची चितळाला सवय असते. मध्य भारतातील अरण्यांत वानरे झाडावर पाला खात असतात आणि त्यांच्या हातून पडलेली पाने व फळे टिपत चितळे खाली हिंडत असतात. हरणाला रंगांचे ज्ञान आपल्यापेक्षा कमी असते. तांबडा रंग त्याला वेगळा असा जाणवत नाही. हालचाल मात्र ते तत्काळ टिपते.

आता थोडे गणित करू. समजा, निरीक्षकाचे डोळे जमिनीपासून सहा मीटर उंचीवर आहेत आणि हरणाचे एक मीटर उंचीवर. म्हणजे निरीक्षक हरणाच्या नजरेपेक्षा पाच मीटर वर आहे. हरीण दहा मीटरांवर असेल तर निरीक्षक त्याला क्षितिजाच्या सुमारे २७ अंश वर दिसेल. वीस मीटरांवर हा कोन १४ अंश होतो आणि शंभर मीटरांवर जेमतेम ३ अंश उरतो. म्हणजे झाडाखाली आलेल्या हरणाच्या दृष्टीने निरीक्षक खरोखरच उंच आहे. परंतु झाडीतून बाहेर पडून शंभर मीटरांवर थबकलेल्या आणि पाण्याकडे जावे की न जावे याचा अंदाज घेणाऱ्या हरणाच्या दृष्टीने तो जवळजवळ क्षितिजावरच बसला आहे, त्याला सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्यात!

या अडचणीवर उंची वाढविणे हा उपाय होऊ शकेल काय? निरीक्षकाला आणखी पाच मीटर वर चढवून पाहू. शंभर मीटरांवरच्या हरणासाठी कोन ३ अंशांवरून ६ अंशांच्या आत सरकतो, एवढेच. झाडावर चढण्याचे श्रम व धोका दुप्पट झाला, पण दूरच्या डोळ्यांपासून काही लपले नाही. दूरच्या डोळ्यांपासून माणसाला लपविते ती उंची नव्हे, तर त्याच्या पाठीमागची पार्श्वभूमी. मागे जाड खोड किंवा दाट पालवी असेल, तर चार मीटरांवरचा माणूसही त्यात विरून जातो. मागे मोकळे आकाश असेल, तर दहा मीटरांवरच्या माणसाची काळी आकृती दुरूनही उठून दिसते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. त्याच्या शेंड्याकडे बांधलेले मचाण म्हणजे आकाशावर रेखाटलेले चित्रच. त्याच दिवसांत आंब्याला दाट पाने असतात आणि कुसुंबाला नवी पालवी फुटलेली असते. म्हणून अशा झाडाची मध्यम उंचीवरची फांदी सागाच्या शेंड्यापेक्षा केव्हाही अधिक उपयोगी.

जमिनीचा चढउतारही विचारात घ्यावा लागतो. दर दहा मीटरांमागे एक मीटर असा सौम्य चढ असला, तरी साठ मीटरांवरील जमीन मचाणाच्या झाडाच्या बुंध्यापेक्षा सहा मीटर उंच असते. त्या बाजूने उतरणारे हरीण आणि सहा मीटर उंचीवरचा निरीक्षक हे समोरासमोर येतात. मोजपट्टीवर मचाण उंच असते. हरणाच्या दृष्टीने ते जमिनीवरच असते.

दृष्टीनंतर घ्राणेंद्रिय. हरणाचे खरे संरक्षण त्याचे नाक करते. माणसाचा वास वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि वाहताना पसरत खाली येतो. मचाण उंच असेल तर झाडाच्या अगदी जवळच्या हरणावरून तो वास वरच्या वर निघून जाण्याची शक्यता असते; काही अंतरावर तो जमिनीला टेकतोच. अर्थात उंचीने वास नाहीसा होत नाही, तो कोठे पोचतो एवढेच बदलते. शिवाय सूर्यास्तानंतर उतारांवरील हवा थंड होऊन जड होते व खोलगट जागेकडे वाहू लागते. पाणवठा बहुधा अशाच खोलगट जागी असतो. दुपारी योग्य वाटलेले मचाण संध्याकाळी आपला वास थेट पाण्यावर नेऊन सोडते, ते यामुळेच. सकाळी ऊन तापू लागले की हवेचा ओघ उलट, चढाकडे वळतो. वाऱ्याची दिशा न पाहता बांधलेल्या मचाणाचा दोष उंचीने भरून निघत नाही.

आतापर्यंत आपण हरणाच्या बाजूने विचार केला. आता मचाणावरच्या माणसाला काय दिसते ते पाहू. उंची वाढते तशी त्याची नजर अधिक तिरपी होते. वीस मीटरांवरच्या पाण्याकडे पाच मीटर उंचीवरून पाहणारा सुमारे १४ अंश खाली पाहतो. त्याला चितळाची कूस, पोट, पाय आणि शिंगांची ठेवण नीट दिसते. दहा मीटरांवरून हा कोन २७ अंश होतो. पाणवठा याहून जवळ असेल तर प्राण्याची केवळ पाठच दिसू लागते. नर कोणता, मादी कोणती, पाडस किती वाढले आहे, हे पाठीवरून ठरविणे कठीण. शिवाय अधिक उंचीवर स्वतःच्याच झाडाच्या फांद्या आणि शेजारच्या झाडांचा विस्तार नजरेच्या आड येतो. चांदण्या रात्री तर पानांच्या सावल्या प्राण्यांचा भास निर्माण करतात. आज व्याघ्रगणनेचे आकडे मुख्यतः स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून काढतात. असे असले तरी मचाणावरच्या वहीत लिहिलेली नोंद ही नोंदच असते. जे दिसले नाही ते अंदाजाने लिहिण्याचा मोह टाळावयाचा असेल, तर जेथून खरोखर दिसते अशाच जागी बसले पाहिजे.

अमेरिकेतील धनुर्धर शिकाऱ्याच्या बाबतीत हाच कोन अधिक गंभीर ठरतो. हरीण अठरा मीटरांवर आणि शिकारी त्याच्यापेक्षा सहा मीटर वर असेल, तर बाण सुमारे १८ अंशांच्या कोनातून खाली जातो. बाजूने उभ्या असलेल्या हरणाच्या छातीत तो शिरला तर दोन्ही फुप्फुसे भेदली जातात आणि मृत्यू त्वरित येतो. तेच हरीण झाडाच्या बुंध्यापासून सहा मीटरांवर आले की कोन ४५ अंश होतो. शिकारी नऊ मीटर वर असेल तर तो ५६ अंशांवर जातो. इतक्या तिरप्या बाणाला छातीचे लक्ष्य अरुंद मिळते. पाठीचा कणा व खांद्याची हाडे आड येतात आणि पुष्कळदा एकच फुप्फुस भेदले जाते. अशा जखमेने हरीण लगेच मरत नाही. ते दूरवर पळते, रानात हरवते आणि यातना भोगते. अंतराचा अंदाजही चुकतो. बाण किती खाली येणार, हे मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असते; वरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला मात्र तिरपे, म्हणजे किंचित अधिक अंतर जाणवते. आडवे अंतर सहा मीटर आणि उंचीतील फरकही सहा मीटर असेल, तर तिरपे अंतर साडेआठ मीटर भरते. तेवढे अंतर धरून नेम घेणाऱ्याचा बाण लक्ष्याच्या वरून जाण्याचा संभव असतो. म्हणून तेथील जाणते शिकारी साधारणपणे पाच ते सात मीटरांची उंची पुरेशी मानतात; तिच्यापलीकडे हरणापासून लपण्याचा लाभ थोडा आणि त्याला केवळ घायाळ करून सोडण्याचा धोका मोठा.

उंचीची सर्वांत मोठी किंमत मात्र माणसालाच मोजावी लागते. तीन मीटरांवरून पडलेला माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. सहा मीटरांवरून तो ३९ आणि नऊ मीटरांवरून ४८ किलोमीटर होतो. वेगातील ही वाढ फारशी वाटणार नाही. परंतु शरीराला जो आघात सोसावा लागतो त्यातील ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणजे नऊ मीटरांवर ती तीन मीटरांच्या तिप्पट असते. पाठीचा कणा मोडून माणूस जन्माचा अपंग होण्यास सहा मीटर पुष्कळ झाले. अमेरिकेत शिकारीच्या हंगामात होणाऱ्या अपघातांत बंदुकीच्या गोळीइतकीच झाडावरून पडण्याचीही धास्ती बाळगतात. सबंध अंगाला बसणारा आणि खोडाला जोडलेला सुरक्षापट्टा जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर पाय टेकेपर्यंत काढू नये, असे तेथे नवशिक्यांना शिकवितात. पडण्याचे प्रसंग बहुधा बैठकीवर चढताना किंवा तीवरून उतरताना येतात, हे त्याचे कारण.

उंचीमुळे हिंस्र प्राण्यांपासून संरक्षण मिळते, अशीही एक समजूत आहे. बिबळ्या आणि अस्वल हे दोघेही उत्तम चढणारे आहेत. त्यांच्यापुढे पाच मीटर काय आणि दहा मीटर काय! कुमाऊँतील पनारच्या नरभक्षक बिबळ्यासाठी जिम कॉर्बेट झाडावर बसले, तेव्हा त्यांनी खोडाभोवती काटेरी फांद्या बांधून घेतल्या होत्या. अंधारात तो बिबळ्या त्या फांद्या दातांनी ओढू लागला. कॉर्बेट त्या रात्री वाचले ते उंचीमुळे नव्हे, काट्यांमुळे. वाघ सहसा झाडावर चढत नाही. पण २००४ मध्ये काझीरंगाजवळ एका वाघाने हत्तीवर बसलेल्या माहुतापर्यंत झेप घेतली होती. फार सखल बैठक धोक्याची आहे, हे खरेच. मात्र एका मर्यादेनंतर सुरक्षितता झाडाची निवड, काट्यांचे कुंपण आणि माणसाची सावधता यांवर अवलंबून असते.

तर मग उंची ठरवावी कशी? आधी झाड निवडू नये. आधी पाण्याच्या काठी, हरीण जेथे उभे राहील तेथे, गुडघे टेकून बसावे आणि तेथून झाडांकडे पाहावे. कोणत्या खोडामागे दाट पालवी आहे, कोठे मोकळे आकाश दिसते, हे तेथून लगेच ध्यानात येते. मग ज्या वाटांनी प्राणी येतात त्या वाटांवरून चालत जाऊन तीच झाडे पुन्हा न्याहाळावी. संध्याकाळी चिमूटभर राख हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहावी. एवढे झाल्यावर, मजबूत व जिवंत लाकूड असलेल्या झाडावर, पार्श्वभूमी चांगली मिळेल अशी सर्वांत कमी उंची निवडावी. सांबराला किंवा चितळाला पाहण्यासाठी ती बहुधा चार ते सहा मीटरांच्या दरम्यान येते. सालईसारख्या मऊ लाकडाच्या आणि कट्कन मोडणाऱ्या जांभळीच्या फांदीवर भार टाकू नये. दोर दरवर्षी नवे घ्यावे. उन्हापावसात कुजलेला दोर दिसावयास शाबूत असतो, हीच त्याची फसवणूक.

आणि अखेरची गोष्ट झोपेची. अरण्यात एक रात्र बसणाऱ्या निरीक्षकाला जागे राहणे जमते. माळ्यावरचा राखणदार मात्र पीक घरात येईपर्यंत रात्रीमागून रात्री तेथेच काढतो, दिवसभर राबून आल्यावर. त्याला डुलकी लागणारच. ज्या माळ्याला कठडा नाही, ज्याची शिडी कुजली आहे, तो माळा रानडुकरापेक्षा अधिक घातक होय. म्हणून बैठक बांधताना आपण तीवरून काय पाहणार, याबरोबरच आपण तीवर झोपी गेलो तर काय होईल, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर निश्चिंतपणे देता येईल तीच मचाणाची योग्य उंची.