दुसरा भाग मनात का भरत नाही?



एखादे पुस्तक, नाटक, चित्रपट किंवा खेळ लोकांच्या मनात घर करून बसला, की त्याचा दुसरा भाग काढावा असे त्याच्या कर्त्यास वाटू लागते आणि तो कधी येतो याची आपण वाट पाहू लागतो. दोन्ही इच्छा अगदी स्वाभाविक आहेत. असे असूनही दुसरा भाग प्रत्यक्ष हाती आला म्हणजे पहिल्या भागाचे जे सर्वांत निष्ठावंत चाहते, तेच पुष्कळदा सर्वांत अधिक खट्टू झालेले आढळतात. ज्याने पहिला भाग पाहिलेलाच नाही, तो मनुष्य मात्र मजेत असतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार आज आपण करू.

या विचारासाठी मी मुद्दाम व्हिडिओ गेमचा विषय घेतला आहे. पोरांच्या खेळाची कसली मीमांसा करावयाची, असे माझ्या वयाची काही मंडळी म्हणतील. परंतु ज्या गोष्टीत मुलांचे मन आणि आईबापांचे पैसे असे दोन्ही गुंततात, ती गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या नातवाने दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे साठवून आपल्या आवडत्या खेळाचा दुसरा भाग घेतला. दोन संध्याकाळ खेळला आणि तिसऱ्या दिवशी तो बाजूला पडला. वडील रागावले, पैसे पाण्यात गेले म्हणाले. मी त्याला जवळ घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आबाजी, गेम खराब नाही आहे, पण हा तो नाही आहे.” त्याच्या या एका वाक्यात आपला सारा प्रश्न आला आहे. वस्तू वाईट नसतानाही निराशा होते. मग ही निराशा येते कोठून?

पहिले कारण असे की, आपण नेमके कशावर प्रेम केले, हे कर्त्यास नेहमी उमगतेच असे नाही. आपल्या घरोघरी पोहोचलेले उदाहरण घ्या. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्राने ती डोळ्यांतील पाण्यासह वाचली. गुरुजींनी पुढे ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ अशी पुस्तके लिहून श्यामचे जीवन वर्णिले. लेखणी तीच, मन तेच, सात्त्विकताही तीच. तरीही ही पुस्तके पहिल्या पुस्तकाइतकी घरोघर गेली नाहीत. माझ्या मते याचे कारण उघड आहे. वाचकाचे मन गुंतले होते ते आईत. श्याम हा तिला पाहण्याचा झरोका होता. पुढील पुस्तकांत झरोका राहिला, पण ज्या मूर्तीसाठी आपण तेथे उभे होतो ती मूर्ती समोर नव्हती. यात लेखकाचा दोष नाही, वाचकाचाही नाही. एकाने कथेचा एक धागा पुढे नेला, दुसऱ्याने आपल्या मनाशी दुसराच धागा बांधून ठेवला होता.

दुसरे कारण काळाचे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ साली आला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याच्या रूपाने तात्या विंचू पडद्यावर अवतरला, आणि बोलक्या बाहुल्याच्या हातून भीती आणि हसू एकाच वेळी उत्पन्न होण्याची ती गंमत मराठी प्रेक्षकास नवी होती. दुसरा भाग वीस वर्षांनी, म्हणजे २०१३ साली, त्रिमिती तंत्राने आला. तंत्र पुढे गेले होते. परंतु मधल्या काळात, २००४ च्या डिसेंबरात, लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यातून गेले होते. त्या बाहुल्याला भिऊन ज्यांनी आपणांस हसविले, ते भिणारे डोळेच आता नव्हते. शिवाय १९९३ साली जो मुलगा आईच्या पदराआड तोंड लपवीत होता, तो २०१३ साली तिशीचा गृहस्थ होऊन स्वतःच्या मुलास घेऊन गेला होता. पडद्यावर बाहुला परत आला, पण पदराआडचे ते वय कोण परत आणणार? आपण दुसऱ्या भागाकडे कथा मागावयास जातो असे आपणांस वाटते. पुष्कळदा आपण आपलेच गेलेले दिवस मागत असतो.

ही दोन कारणे पुस्तकास आणि चित्रपटास लागू आहेत, तशीच खेळासही आहेत. खेळाच्या बाबतीत मात्र एक तिसरे कारण येऊन मिळते आणि ते विशेष समजून घेण्याजोगे आहे. पुस्तक आपण वाचतो, चित्रपट पाहतो. खेळ आपण स्वतः करतो. कोणते बटण किती वेळ दाबले म्हणजे उडी किती लांब जाते, हे ज्ञान खेळणाऱ्याच्या डोक्यात नव्हे, तर बोटांत साठते. सायकल किंवा पेटी शिकलेल्या मनुष्याचे जसे होते, तसेच हे आहे. म्हणून नव्या भागात केवळ कथा बदलली तर मन बिचकते. उडीची रीत बदलली तर हातच परका होतो.

१९९० नंतरच्या दशकात आपल्या नागपुरातही पुष्कळ घरी टीव्हीस जोडावयाचे खेळाचे डबे आले. त्यांत कॅसेट घालून मुले ‘मारिओ’ खेळत. तो मूळ खेळ, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढला. त्याच्या दुसऱ्या भागाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १९८६ साली जपानात जो दुसरा भाग निघाला, तो दिसावयास जवळजवळ पहिल्यासारखाच, पण फार कठीण होता. पहिल्या खेळात अळंबी खाल्ली की मारिओ मोठा होई. येथे विषारी अळंबीही ठेवली होती आणि ती खाल्ल्याने घात होई. पहिल्या भागात गुप्त वाटेने खेळणारा एकदम पुढे जाई. येथे काही गुप्त वाटा त्याला मागे आणून सोडीत. पहिल्या भागात पारंगत झालेल्यांसाठीच जणू ही परीक्षा रचली होती. हा खेळ अतिकठीण आहे असे कंपनीच्या अमेरिकेतील शाखेस वाटले आणि तो त्या वेळी तिकडे गेलाच नाही. तिकडे तो १९९३ साली एका संग्रहातून प्रथम पोहोचला.

मग अमेरिकेस काय दिले? १९८७ साली जपानात निघालेला ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा एक निराळाच खेळ घेतला, त्यात मारिओची पात्रे बसविली आणि १९८८ साली तो मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. येथे शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तरी तो मरत नसे. जमिनीतील भाजी उपटून ती त्याच्यावर फेकावी लागे. खेळ चांगला होता, पुष्कळांना आवडलाही. परंतु पहिल्या भागात उडी मारून शत्रू चिरडावयास शिकलेल्या हाताने येथे काय करावे? तेव्हा एकाच खेळाचे दोन दुसरे भाग झाले. एकात पहिलेच सारे अधिक कठीण होऊन आले, दुसऱ्यात पहिल्याचे नाव तेवढे आले. दुसऱ्या भागापुढे नेहमी उभे असणारे दोन खड्डे ते हेच. तेच दिले तर लोक म्हणतात, नवीन काय? नवे दिले तर म्हणतात, आमचे कोठे गेले?

या दोहोंमधून वाट निघते, हेही त्याच कंपनीने दाखविले. १९८८ च्या अखेरीस जपानात आलेल्या तिसऱ्या भागात पळणे, उडी मारणे आणि शत्रूवर उतरणे हे हातचे व्याकरण तसेच ठेवले. त्यावर नकाशा आला, नवे प्रदेश आले आणि शेपटी लावून आकाशात उडण्याची सोय आली. जुन्या हातांना नवे काम मिळाले, आणि तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला.

येथे व्यवहाराची बाजूही पाहावयास हवी. पहिल्या भागाने मिळविलेले नाव ही कर्त्याची पत असते, आणि दुसरा भाग म्हणजे त्या पतीवर काढलेली हुंडी. नवी कल्पना बाजारात खपेल की नाही हे कोणास ठाऊक नसते; जुन्या नावाला गिऱ्हाईक तयार असते. म्हणून कथेला पुढे सांगण्यासारखे काही नसतानाही भाग निघतात. तथापि पूर्वी एक समाधान असे. दुसरा भाग फसला तरी पहिला कपाटात शाबूत राही. आता ते समाधानही नेहमी उरत नाही. ‘ओव्हरवॉच’ नावाचा इंटरनेटवरील सांघिक खेळ २०१६ साली निघाला आणि लोकांनी तो पैसे देऊन घेतला. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचा दुसरा भाग आला, तेव्हा पहिला बंद करण्यात आला. दोन्ही संघांत सहा सहा गडी असत ते पाच पाच झाले. ज्यांना जुनाच खेळ हवा होता, त्यांना परत जावयास जागा उरली नाही. पुढे कथेचा जो मोठा विस्तार देण्याचे कबूल केले होते, त्याचा मुख्य भागही २०२३ साली रद्द झाला. ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नव्हे. पैसे देऊन घेतलेली वस्तू घरातून उचलून नेल्यासारखे हे आहे, आणि चाहत्यांचा राग येथे मला न्याय्य वाटतो.

मग कोणी दुसरा भाग काढूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भाच्या एका सुपुत्राने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. भवभूतीने आपले घराणे विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे, आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते स्थान आमगावजवळचे पदमपूर होय असे प्रतिपादिले. या भवभूतीने ‘महावीरचरित’ या नाटकात रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत आणिली. तेथून पुढची कथा ‘उत्तररामचरिता’त आहे. पहिले नाटक वीररसाचे, दुसरे करुणेचे. नवलाची गोष्ट अशी की, दुसऱ्याच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्या गतजीवनाची चित्रे पाहतात. म्हणजे पहिल्या भागाची उजळणीच ती! परंतु ती कौतुकापुरती नाही. चित्रांतील वने पाहून सीतेला तेथे पुन्हा जावेसे वाटते, आणि तिची तीच इच्छा पुढे तिच्या परित्यागाचे निमित्त होते. जुन्या आठवणीला नव्या कथेत काम मिळाले. राज्याभिषेकानंतर सारे सुखाचे झाले असे आपण धरून चाललो होतो. ते सुख टिकले काय, असा प्रश्न कवीने विचारला. उत्तररामचरितात भवभूती सर्वांहून सरस ठरतो, असा निर्वाळा जुन्या रसिकांनी दिला आहे. पहिल्या भागाने अनुत्तरित ठेवलेला खरा प्रश्न हाती असेल, तर दुसरा भाग पहिल्याच्याही पुढे जातो, तो असा.

आता घरच्या माणसांसाठी थोडेसे. मुलाने दुसरा भाग मागितला, तर लगेच घेऊ नये आणि लगेच नाकारूही नये. पहिल्यातले तुला काय आवडले, असे त्याला आधी विचारावे. कथा, सोबती, की हाताला साधलेली कला, याचे उत्तर तो देऊ लागला म्हणजे त्याला स्वतःलाच पुष्कळ उमगते. थोडे दिवस थांबून, ज्यांनी खेळला त्यांचे मत ऐकावे. एवढे करूनही निराशा पदरी आली, तर पैशांवरून त्याला टोचून बोलू नये. ‘खराब नाही, पण हा तो नाही’ असे ज्या मुलास म्हणता येते, त्याने दोन वस्तूंतील भेद स्वतःच्या अनुभवाने ओळखलेला असतो. शाळेत रसग्रहण शिकविताना आम्ही वर्षभर याहून वेगळे काय साधावयास पाहत होतो? त्याचे हे म्हणणे घरात कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.